मदत हवी आहे: घरगुती विषुववृत्तीय माउंटच्या ध्रुवाक्षासाठी शाफ्ट व बेअरिंगची निवड

नमस्कार मंडळी,

आठ इंची, एफ/6 न्यूटनियन दुर्बिणीसाठी जर्मन पद्धतीचा विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षाभोवती फिरून ताऱ्यांचा माग घेणारा आधार) घरी बनवायला घेतला आहे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कार्यशाळांमुळे पुण्यात आरसा घासण्याविषयी विचारायला जाणकार भेटतात. माउंटच्या यांत्रिक बाजूविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, आणि 1200 मिमी नाभीय अंतरावर छायाचित्रे घ्यायची तर सारी भिस्त तिच्यावरच असते. म्हणून लेथवर काम टाकण्यापूर्वी आपले मत हवे आहे.

पुण्याचा अक्षांश 18.5 अंश असल्यामुळे ध्रुवाक्ष (खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला मुख्य अक्ष) जवळजवळ आडवाच पडतो. नळी, क्रांती अक्ष (ध्रुवाक्षाला काटकोनातला दुसरा अक्ष) आणि तोल साधणारे काउंटरवेट मिळून टोकावर 25 किलो वजन धरले, तर त्यातील 8 किलोच शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येतात आणि सुमारे 24 किलो त्याला वाकवतात. लंडनच्या अक्षांशावर लांबीच्या दिशेचा हाच भार 20 किलोच्या घरात गेला असता. त्यामुळे तिकडची आरेखने जशीच्या तशी उचलणे मला पटत नाही.

दोन बेअरिंगांत 180 मिमी अंतर आणि पुढच्या बेअरिंगपासून भार 100 मिमीवर, असे धरून गणित केले. पुढच्या बेअरिंगवर सुमारे 37 किलो आणि मागच्यावर उलट्या दिशेने 13 किलो भार येतो. 25 मिमी शाफ्टचे टोक यात 0.056 मिमी झुकते आणि 137 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) कलते, तर 40 मिमी शाफ्टचे 0.009 मिमी आणि 21 आर्कसेकंद. हा कायमचा झुकाव ध्रुव साधताना (अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखताना) जमेस धरला जातो, कारण अक्ष फिरला तरी त्याची दिशा बदलत नाही. खरी चिंता वाऱ्याने होणाऱ्या थरथरीची आहे. म्हणून 40 मिमी व्यास नक्की केला आहे. पोलाद ईएन 24 ऐवजी ईएन 8 प्रतीचे घेणार आहे, कारण ताकद वेगळी असली तरी दोन्हींचा ताठपणा जवळपास सारखाच असतो.

अडले आहे ते बेअरिंगपाशी. एक पर्याय 40 मिमी शाफ्टवर बसणाऱ्या 6008 क्रमांकाच्या बॉल बेअरिंगांच्या जोडीचा आहे. दुसरा त्याच मापाच्या 32008 टेपर रोलर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगांच्या जोडीचा, मोटारीच्या चाकाच्या हबमध्ये असते तशी पाठीला पाठ लावून, मागच्या टोकाला एम40 × 1.5 आट्यांचा लॉकनट देऊन. माझा कल टेपरकडे आहे, कारण नट आवळून सगळा प्ले (ढिलेपणा) काढता येतो. परंतु हा शाफ्ट 23 तास 56 मिनिटांत एकच फेरा घेणार असल्याने वेग किंवा आयुष्यापेक्षा सुरुवातीचे घर्षण महत्त्वाचे ठरते. नट जास्त आवळला गेला आणि शाफ्ट अडकत-सुटत फिरू लागला, तर तारा फोटोत लांबट उमटेल.

तेव्हा नट नेमका किती आवळावा? शाफ्टला दोरी गुंडाळून ताणकाट्याने फिरण्याचा जोर कोणी मोजला आहे का, आणि ग्रीस कोणते वापरले? हौसिंग ॲल्युमिनियमचे केल्यास दुपारच्या 30 अंशांवरून हिवाळी रात्रीच्या 10 अंशांवर येताना ते 180 मिमी लांबीत पोलादी शाफ्टपेक्षा 0.04 मिमी जास्त आकसते. त्याने नट आवळून बसवलेला प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) बिघडतो का, की वजन सोसून जाड पोलादी पाइपच घ्यावा? शिवाय बेअरिंगच्या दोन्ही बैठका एकाच सेटिंगमध्ये बोअर करता आल्या नाहीत, तर त्या एका रेषेत आणण्यासाठी टर्नरला नेमके काय सांगावे, हेही कृपया लिहावे.