मोठेपणी हाती लागलेलं 'द गिव्हर': मुलांना मराठीतून वाचून दाखवणाऱ्यांचे अनुभव

तलावपाळी: भाचीच्या वाचनयादीत लोइस लाउरींचं 'द गिव्हर' (१९९३) दिसलं आणि पहिल्या वाचनाची हुरहूर परत आली. इथल्या बऱ्याच जणांना ते तिशी-चाळिशीत भेटलंय. मुलांना वाचून दाखवताना जागच्या जागी मराठी करावी लागते, अन् एक शब्द चुकला की सगळं फुटतं. गोष्टीचा नायक जोनास राहतो त्या वसाहतीत लोकांना रंगच दिसत नाहीत, आणि हे वाचकाला उशिरा कळतं. म्हणून पहिली ११ प्रकरणं रंगाचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. तिसऱ्यात सफरचंद हवेत क्षणभर 'बदलतं'. तिथे 'लालबुंद' निसटलं, तर बाराव्यात जोनासची मैत्रीण फिओना हिच्या केसांपाशी होणारा उलगडा वाया जातो.

येऊरचा वारा: 'हिरवंगार', 'पिवळंधमक' पण नको. जोनासचे डोळे घारे म्हणू नका, फिकट म्हणा.

घणसोलीची ताई: कुकर लावलाय, पटकन लिहिते. खरी अडचण 'रिलीज'ची, म्हणजे तिथे माणसाला मारून टाकण्याला दिलेल्या गोड नावाची. 'मुक्ती' म्हटलं की मुलं लगेच ओळखतात. 'निरोप' घ्या. म्हाताऱ्यांचा निरोप समारंभ, वाट चुकलेल्या वैमानिकाला निरोप, बाळाला निरोप, सगळीकडे बसतो. पहिल्या प्रकरणापासून तोच ठेवा, मध्ये बदलला तर एकोणिसाव्यात काही लागत नाही.

तलावपाळी: ताई, 'निरोप' फार आवडला! मी 'मोकळं करणं' वापरत होतो.

नेरूळ फलाट ३: तेही वाईट नाही हो. पण शिक्षा म्हणून मोकळं केलं, हे कानाला विचित्र लागतं.

घणसोलीची ताई: एकोणिसावं झोपताना नको. जुळ्यांतल्या हलक्या बाळाच्या कपाळाच्या शिरेत सुई, आणि ती देणारा जोनासचा बाबाच. दुपारी वाचा, पुढचा वेळ गप्पांना मोकळा ठेवा. दहा वर्षांच्या आतल्यांना थांबू दे.

नेरूळ फलाट ३: जोनासचा मित्र आशर, त्याची गंमत कशी करता? तो 'स्नॅक'ऐवजी 'स्मॅक' मागतो आणि खरंच मार खातो.

येऊरचा वारा: वडी आणि छडी! वडी मागायला जातो, तोंडून छडी येते. मूळातही शिक्षेला छडीच आहे.

नेरूळ फलाट ३: व्वा!! मी 'खाऊ'वर अडकलो होतो.

कोपरी पूल: एकूण प्रकरणं किती? ठाणे-वाशी गाडीत वाचायचंय.

तलावपाळी: २३, छोटी आहेत. एका फेरीत एक-दोन आरामात. जागा मिळो!

कोपरी पूल: सकाळी उभंच वाचावं लागणार 😄

येऊरचा वारा: जोनासची धाकटी बहीण लिली हिच्या कापडी हत्तीपाशी 'हत्ती म्हणजे काय' हे समजावू नका. तिथल्या लोकांना तो काल्पनिकच प्राणी वाटतो, मुलांना ते आपसूक खटकू द्या. सोळाव्यात जोनास आईबाबांना 'तुमचं माझ्यावर प्रेम आहे का' विचारतो. 'प्रेम'पेक्षा 'माया' म्हणा, ते हसतात तेव्हा जास्त टोचतं.

घणसोलीची ताई: शिट्टी झाली. शेवटी जोनास जगला का, असं विचारलं तर लगेच सांगू नका, दोन दिवस भांडू द्या. मग याच मालिकेतलं 'मेसेंजर' (२००४) द्या. जोनासच्या घरी आणलेल्या गॅब्रिएल बाळाचं पुढचं 'सन'मध्ये (२०१२) आहे.

कोपरी पूल: ताई, हे आत्ताच वाचलं मी 😭

घणसोलीची ताई: अरे देवा, सॉरी रे! वाटेतला बर्फ आणि घसरगाडी मी सांगितलेली नाही, ते तरी तुझ्यासाठी शिल्लक आहे.