अनुभव धागा : डब्यातले बीन्स, मडक्यातल्या शेंगा

बंद भांड्यात, मंद आचेवर, तासन्‌तास शिजलेल्या कडधान्याची तुमच्या घरची आठवण आणि कृती इथे लिहा. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे

बाबा बोटीवर होते. सुट्टीवर आले की बॅगेतून बेक्ड बीन्सचे चार-पाच डबे निघायचे. आई एक डबा पाच जणांत वाटायची, प्रत्येकाला पोळीबरोबर दोन चमचे. बाबांनी बोट सोडली आणि डबे बंद झाले. धाकटा भाऊ रोज मागायचा, म्हणून आईने शेवटच्या डब्यातला रस बोटाने चाखून चाखून त्यात काय काय असेल ते ठरवलं. गोडीसाठी तिने काकवी घातली. पुढे मला कळलं की बॉस्टनकडच्या जुन्या पद्धतीत मोलॅसिस घालतात. तीही उसाच्या रसापासूनच, काकवीच्याच घरातली. आईला हे कोणी सांगितलं नव्हतं!

कृती : एक वाटी पांढरा राजमा रात्रभर भिजवायचा. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग कुकरला तीन-चार शिट्ट्या. दाणा बोटांत दाबला की मऊ लागावा, पण फुटू नये. एक कांदा आणि चार लसूण पाकळ्या तेलावर परतून तीन टोमॅटोंचा रस, दोन मोठे चमचे काकवी, अर्धा चमचा मोहरीची पूड, मीठ आणि एक चमचा व्हिनेगर घालायचं. त्यात राजमा आणि तो बुडेल इतकं त्याचंच पाणी. मी ओव्हनमध्ये 150 अंशांवर दीड तास झाकून ठेवते, शेवटची पंधरा मिनिटं झाकण काढून. आईकडे ओव्हन नव्हता. ती तव्यावर जाड बुडाचं पातेलं ठेवून गॅस अगदी बारीक करायची आणि शेजारी बसून तांदूळ निवडायची.

कोपरखैरणे

ताई, आमच्याकडे मडक्यात शेंगा शिजवतात, त्याला पोपटी म्हणतात. आम्ही आगरी. माझ्या आजाची शेतं इथेच होती. भात कापला की राहिलेल्या ओलीवर वाल पेरायचे, आणि थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. आता त्या शेतांवर सेक्टर आहेत. माझं घर आहे तिथे खाचर होतं, असं आजा सांगायचा.

मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी. कोंबडीला मसाला चोळून केळीच्या पानात बांधायची. परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, कारण मडकं उपडं ठेवायचं असतं. पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. वरून पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. अर्धा-पाऊण तास लागतो. आजा मडक्यावर पाण्याचे थेंब उडवायचा. चर्र होऊन लगेच सुकले की झालं. मग काठीने मडकं ओढायचं, पाला काढायचा, आणि तो वास! सगळ्यांनी एकाच परातीभोवती बसायचं, बोटं काळी होईपर्यंत शेंगा सोलायच्या. आजा गेला त्या वर्षी आम्ही पोपटी लावली नाही. पुढच्या वर्षी काकांनी लावली, तेव्हा थेंब कोणी उडवायचे यावर सगळेच गप्प झाले. शेवटी माझ्या हातात तांब्या दिला.

वाशी

माझा अनुभव चुकीचा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मुलगी परदेशी शिकायला जाणार होती, म्हणून तिला राजमा शिकवत होते. भिजवलेला लाल राजमा न उकळता थेट मंद आचेच्या भांड्यात टाकला, टोमॅटो सुरुवातीलाच. सहा तासांनीही दाणा कडकच. तसाच खाल्ला आणि रात्रभर दोघींना उलट्या झाल्या. नंतर वाचून समजलं : कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात जास्त. निव्वळ मंद आचेवर ते जात नाही, खळखळून उकळावंच लागतं. वर सांगितलेली दहा मिनिटं म्हणूनच चुकवू नका. आणि आंबट घातलं की साल मऊ होत नाही. काकवीतल्या कॅल्शियमनेही तेच होतं. दोन्ही दाणा शिजल्यावरच घाला. बोअरिंगचं पाणी असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा.

मुलगी आता तिथे दर रविवारी करते आणि आधी मला फोन करून विचारते, "आई, उकळलाय, आता टोमॅटो?"

कळवा

आम्ही शाकाहारी. इमारतीच्या गच्चीवर जाळ करता येत नाही, म्हणून मातीच्या हंडीत गॅसवर वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून बघितलं. शेंगा छान शिजल्या, पण पाला नव्हता, धूर नव्हता. पेणला मामांकडे खाल्लेली चव आली नाही. दादा, भांबुर्डी इथे कुठे मिळेल?

कोपरखैरणे

पाऊस संपला की बांधावर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आपोआप उगवते. पान चोळून बघा, उग्र औषधी वास येतो. ओळखणारं माणूस बरोबर घ्या, भलताच पाला नको. नाहीतर जानेवारीत या. उरणला आत्याकडे लावणार आहोत. शाकाहारी मडकं वेगळं लावू. पाला, पेंढा आमच्याकडचा, रताळी तेवढी तुम्ही आणा.