'धोंडो'चा अर्थ काय लिहू?

नौपाडेकर: ऐरोलीच्या भाचीच्या मुलाला शाळेत वंशवृक्ष करायचाय, नावांच्या अर्थांसकट. पणजोबांच्या 'धोंडो'पुढे मी 'दगड' लिहिलं. भाची म्हणते, "मामा, बाई काय म्हणतील?" आतून आई ओरडली, "अरे, ते धोंड्याच्या महिन्यातले, म्हणून धोंडो!" खरं कुणाचं?

खारेगावचा पंत: दगडच. मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून ठेवायची नावं ही. धोंडो, दगडू, भिकू, केरू. टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे मूळचे विनायक, पण लोकांच्या तोंडी केरूच राहिले. आणि धोंडो केशव कर्वे बघा, १८५८ ते १९६२! नाव दगडाचं ठेवल्यावर यमाला पत्ताच सापडला नाही.

वाशीची सून: आमच्याकडे आजेसासऱ्यांचं धोंडो हे नाव अधिक महिन्यावरूनच. पंचांग बघून ठेवलेलं.

खारेगावचा पंत: अधिक मास साधारण ३३ महिन्यांनी येतो. मग कोकणात गल्लोगल्ली धोंडो कुठून आले? शिवाय त्या महिन्यात लग्न-मुंज काही नाही, म्हणून तो 'धोंडा'. फिरून दगडच की!

शुद्धलेखनवाला: मूळ धोंडू. 'धोंडो' हे कागदावरचं. घरात धोंडू, कचेरीत धोंडोपंत, आई रागावली की धोंड्या. १८५७चे नानासाहेब पेशवेही धोंडोपंतच. आणि आद्याक्षर 'धों.' असंच लिहा, र. धों. कर्वे लिहितो तसं. हल्ली निमंत्रणपत्रिकेत अनुस्वार खाऊन 'धो.' छापतात. धो काय? कपडे?

कळव्याचा भाचा: अनुस्वार राहू द्या काका, नावं ठेवणारेच संपले. आमच्या सोसायटीत तीन विहान आहेत, धोंडो एकही नाही.

मु. पो. कोपरी: माझं आजोळ नगरकडचं. तिथं पाऊस लांबला की धोंडी काढायचे. पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, दारोदार न्यायचं, बायका डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात. मीही एकदा धोंडी झालो होतो, पाल्यातले मुंगळे चावले. तेव्हा धोंड्याचा संबंध पाण्याशीही आहे.

खारेगावचा पंत: ओढूनताणून.

मु. पो. कोपरी: तुमचं तेवढं सरळ, होय?

वाशीची सून: अधिक महिना म्हटलं की मला जावयाचे ३३ अनारसे आणि पुरणाचे धोंडेच आठवतात. माहेरी नवऱ्याचा तो थाट, आणि मी मात्र पुरण वाटत बसलेली.

नौपाडेकर: भाचीने शेवटी 'आजीला विचारा' असं लिहून वही दिली. बाई हसल्या म्हणे. बरं, आई आता धोंडस करायला बसलीय. काकडी किसल्यावर पाणी पिळून टाकायचं ना?

वाशीची सून: अजिबात नाही! रवा त्याच पाण्यात शिजतो.

शुद्धलेखनवाला: आमच्याकडे त्याला तवसोळी म्हणतात. धोंडस हे नाव कुठून आलं?