अनुभव धागा : ‘एक अनेक और एकता’ पाहताना तुम्ही कशाला हसायचात?

दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की लागायची ती सात मिनिटांची फिल्म. १९७४ ची, फिल्म्स डिव्हिजनची. विजया मुळे यांनी केलेली, ॲनिमेशन भीमसैन यांचं. विषय राष्ट्रीय एकात्मता, निर्माता सरकार. खरं तर जांभया यायला हव्यात. पण पन्नाशीतली माणसंही अजून संवाद धडाधड म्हणून दाखवतात.

माझ्या मते सगळी गंमत त्या धाकट्या भावात आहे. दीदी सूर्य, चंद्र, तारे, खारी करत एक आणि अनेक समजावते. पाखरं जाळ्यात सापडली म्हणताच हा काळजीनं कमी आणि उत्सुकतेनं जास्त विचारतो, मारून टाकलं का त्यांना? पुढे पाखरं जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात, एकीचं बळ सिद्ध होतं. एवढं ऐकून साहेबांची शंका काय, तर मग या झाडाचे आंबे पण तोडता येतील का! उपदेश करता करता उपदेशाचीच फिरकी घ्यायला धाडस लागतं.

तुम्ही कुठे पाहिलीत, कुणाला दाखवलीत, लिहा.

कोकणकडा
आमच्याकडे काळापांढरा टीव्ही. त्यामुळे आंबे करडे, खारी करड्या, पाखरंही करडीच. तरी आम्ही आंबे पिवळेधमक बघायचो, हापूसच्या गावात दुसरं काय दिसणार! पुढे यूट्यूबवर रंगीत फिल्म सापडली आणि उगाच हिरमुसलो. आमचे रंग चांगले होते.

गुरुजी_तिसरी_ब
वर्गात दाखवली. ‘मार डाला?’ला एवढा हशा झाला की मागे जाऊन परत लावावी लागली. मग नेहमीचा प्रश्न टाकला, यातून काय शिकलात? एक मुलगी उठली. ‘गुरुजी, त्या व्याधाचं जाळं गेलं. आता त्याच्या घरी काय शिजणार?’ पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं. तास तिथेच संपवला.

खवट
सगळे गहिवरलेत म्हणून मुद्दाम लिहितो. गोष्ट उसनी आहे. पंचतंत्रातला कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि त्याचा मित्र हिरण्यक उंदीर. तिथे उंदीर आधी राजाचे पाश तोडायला धावतो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. मूळ कथेचा जीव त्यात आहे. फिल्ममध्ये राजा गायब, नुसती पाखरं.

धागाकर्ती
@खवट, मला तर तेच आवडतं! नेता नाही, भाषण नाही. सरकारी फिल्ममध्ये पुढाऱ्याला सुट्टी, यापेक्षा मोठा विनोद कोणता? बाकी चित्रग्रीवाबद्दल मान्य.

चौकट२४
पोटापाण्यासाठी ॲनिमेशनच करते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सात मिनिटांच्या दहा हजारांवर होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी पाच हजार. तेही हातानं, संगणक नसताना. आणि विषय कोणता निवडला, तर ‘अनेक’! चित्रकारानं मनात काय म्हटलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून मला रेखाटनातला साधेपणा आवडतो. आकार मोजके, रंग सपाट, हालचाल नेमकी.

हेच भीमसैन पुढे ‘घरौंदा’चे (१९७७) दिग्दर्शक. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणारं ते जोडपं आणि ही पाखरं एकाच माणसाची, हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प होते.

षड्ज
संगीताबद्दल कुणीच कसं बोललं नाही? वसंत देसाई, सावंतवाडीकडचे. ‘अमर भूपाळी’, ‘दो आँखें बारह हाथ’ करणारा माणूस पोरांच्या किलबिलाटाला चाल लावतोय, आणि तीही तितक्याच मन लावून. १९७५च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात गेले, म्हणजे हे त्यांचं अखेरच्या काळातलं काम. फिल्ममधलं ‘हिंद देश के निवासी’ हे गाणं लिहिलं विनयचंद्र मौद्गल्य यांनी, दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे. आणि गाणारी छोटी साधना घाणेकर, म्हणजे आपल्या दाभोळच्या साधना सरगम.

टोरांटोची_आजी
नातीला दाखवली. हिंदी शून्य, मराठी मोडकंतोडकं, पण पाखरं जाळं घेऊन उडाली तेव्हा टाळ्या. मग विचारते, ‘आजी, आंबे झाडावर कशाला ठेवलेत?’ तिनं आजवर पेटीतलेच पाहिलेत.

मधलीसुट्टी
विजया मुळे म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई, एवढं तरी लिहा की. फिल्म सोसायटी चळवळीतलं मोठं नाव. २०१९ मध्ये, नव्वदी केव्हाच ओलांडून गेल्या.

बंड्या_बिल्डिंग_नं_४
आम्ही या फिल्मचं प्रात्यक्षिक केलं होतं. सुट्टीत मागच्या बंगल्यातल्या आंब्यावर. मोठे खाली, त्यांच्या खांद्यावर मधले, शेंड्याला मी. एकी अगदी दूरदर्शनला शोभेलशी. तेवढ्यात बंगल्यातले आजोबा काठी घेऊन बाहेर आले. अनेकांनी आपापले खांदे काढून घेतले आणि फांदीला लोंबकळत मी एकटाच उरलो. कोणकोण होतं विचारल्यावर मी सगळ्यांची नावं सांगितली, आडनावांसकट.

कोकणकडा
@बंड्या, ते राहू दे. आंबा कुठला होता?

बंड्या_बिल्डिंग_नं_४
रायवळ. तोही आंबट.