मदत हवी आहे: मुदत ठेवीऐवजी आत्याच्या हाती विमा पॉलिसी

आत्या ७८ वर्षांची. बँकेत मुदत ठेव रिन्यू करायला गेली आणि घरी आली विमा पॉलिसी घेऊन, तीही दरवर्षी हप्ता भरायची! सही तिचीच आहे, पण ‘ही ठेवच आहे’ असं तिला सांगितलं होतं. फ्री-लुक पिरियड अजून संपलेला नाही, म्हणजे पॉलिसी परत करता येईल. पण अर्ज बँकेत द्यायचा की थेट विमा कंपनीकडे? तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा काय द्यायचा? कंपनीने टाळाटाळ केली तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाण्याआधी लेखी तक्रारीची पोच लागतेच ना? आत्या ‘जाऊ दे’ म्हणतेय (विकणाऱ्यांना हेच हवं असतं). तिच्या वतीने मी पाठपुरावा करायला साधं अधिकारपत्र पुरेल, की मुखत्यारपत्रच लागेल?