अर्थशास्त्राची गाजलेली पुस्तकं वाचून कापसाचा भाव कळतो का?

गिरणाकाठ
माझं मत: नाही कळत. भाषांतर होऊन येणारी ही पुस्तकं वाचली की जग समजल्यासारखं वाटतं, पण धरणगावच्या (जळगाव जिल्हा) जिनिंगवर, म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, आज हाच भाव का, ते विचारलं की वाचणारे 'मागणी-पुरवठा' म्हणून मोकळे होतात. ॲडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना (१७७६, श्रमविभागणीचा दाखला: दहा माणसं, दिवसाला ४८,००० टाचण्या) मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

जिनिंगवाल्याचा हिशोब बघा. एक क्विंटल कापसात साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी, दोनेक किलो घट. रुईची खंडी ३५६ किलोची. खंडी ५५,००० धरली तर रुई किलोला १५४ रुपये, म्हणजे ३४ किलोचे ५,२५०. सरकी ३५ रुपये किलो धरली तर २,२४०. बेरीज साडेसात हजारांच्या आसपास. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, व्याज वजा करून उरेल तो भाव. म्हणजे कापसाच्या किमतीतला जवळपास ३० टक्के वाटा सरकीचा. सरकी चालते तेल आणि ढेपेवर, ढेप चालते दूधधंद्यावर. कापडाचा तिथे संबंधच नाही. कुठल्या गाजलेल्या पुस्तकात हे येतं?

दोन_खंडी
आणि ती ५५,००० ची खंडी कुठून आली भाऊ? ती काही धरणगावात ठरत नाही. न्यूयॉर्कचा रुईचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) सेंट प्रति पौंड असतो. खंडीत ७८४ पौंड. ७० सेंट आणि ८५ रुपये डॉलर धरला तर ४६,६५० रुपये. त्यावर ११ टक्के आयात शुल्क, झाले ५१,८०० (जहाजभाडं, विमा वेगळा). बाहेरची रुई ज्या भावात दारात येते, त्याच्या फार वर देशी खंडी टिकत नाही. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेरपर्यंत ते शुल्क काढलं. खंडीमागे ५,१०० रुपयांचा आडोसा गेला. ३४ किलो रुईवर ते क्विंटलमागे ४९० रुपये होतात. हे 'आयात भावाचं छत' कुठलाच काटेवाला शिकवत नाही, व्यापारावरची पुस्तकंच शिकवतात. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो अर्ध्यातून सुरू होतो.

गिरणाकाठ
छत ४९० नी खाली आलं म्हणजे भाव तेवढाच उतरला, असं होत नाही. सौदा केलेली रुई बंदरात उतरायला महिने लागतात. शिवाय खाली हमीभावाचा तळ आहे: २०२५-२६ ला लांब धाग्याचा क्विंटलला ८,११०. पण तळ तरी सगळ्यांना कुठे मिळतो? ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर सरकारी खरेदीच नाही. ११ टक्के ओलाव्याला २४३ रुपये गेले. दिवाळीच्या आधीच्या वेचणीत सकाळचं दव धरून आलेला माल असाच असतो. ही लूट पुस्तकात सापडणार नाही.

हिशोबवही
'लूट' शब्दावर हरकत. १०० किलो कापसात १२ टक्के ओलावा म्हणजे कोरडा माल ८८ किलो. तोच वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर वजन ८८ भागिले ०.९२, म्हणजे ९५.६५ किलो. ओला विकला तर ४ टक्के कपात, वाळवून विकला तर वजनात ४.३५ टक्के तूट. वाळवणाऱ्याला फायदा शून्य, उलट मजुरी अंगावर. कपात म्हणजे पाण्याचे पैसे न देणं, इतकंच. खरा घाव १२ च्या रेषेवर आहे: १२.५ निघाला की गाडी खासगीकडे वळते आणि तिथे खरेदीदार सांगेल तो भाव. म्हणून वाळवायचं ते फक्त १२ च्या आत येण्यापुरतं. पुढचा एक टक्का किती देतो, किती घेतो, ही विचारण्याची सवय कुठून लागली? त्याच पुस्तकांतून.

कांदेबाग
बरोबर शे भाऊ, पन केळीवर या एकदा. 'फ्रीकॉनॉमिक्स'मधला (२००५) घरांच्या दलालांचा दाखला सगळे देतात: दलाल स्वतःचं घर विकताना सरासरी दहा दिवस जास्त थांबतो आणि ३ टक्के जास्त मिळवतो, कारण गिऱ्हाइकाचे १०,००० डॉलर वाढले तरी त्याच्या हातात १५०च पडतात. लगेच आपल्याकडे लेख येतात, 'आडत्याही तसाच'. एक तर फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याची दलाली) २०१६ पासून राज्यात खरेदीदाराकडून घेतात, तेव्हा ओढ कोणाकडे हे आधी नव्याने मांडावं लागेल. दुसरं, घर दहा दिवस थांबतं, घड थांबत नाही. रावेर-यावलच्या केळीत व्यापाऱ्याची ताकद टक्क्यात नाही, कापणीच्या तारखेत आहे. भाव ठरवायचा, गाडी चार दिवस लांबवायची. घड झाडावर पक्व होत गेला की लांबच्या प्रवासाला चालत नाही, मग माल 'वापसी'त (कमी भावाच्या, नाकारलेल्या मालात) ढकलायचा. फलकावरचा भाव एक, पट्टी (हिशोबाची पावती) दुसरी. वाट पाहण्याची किंमत ज्याला जास्त, तो दबतो. हे तत्त्व पुस्तकात आहे, पण दाखला उसना घेतला की तत्त्व हरवतं.

दोन_खंडी
पण कोळीजाळ्याचा सिद्धांत केळीला बसतोच की. आज भाव चढला म्हणून ५ × ५ फुटांवर एकरी १,७४२ रोपं लावली, माल ११-१२ महिन्यांनी, तोवर सगळ्यांचाच येतो आणि भाव बसतो.

कांदेबाग
कागदावर बसतो. त्यात लावलं तेवढं पिकतं असं धरलेलं आहे. इथे मोझॅक या विषाणूरोगाने रोपं उपटावी लागतात, मे-जूनच्या वादळात कापणीवरची बाग आडवी होते. लागवड जास्त आणि माल कमी, असंही वर्ष निघतं.

डाळमिल
उसन्या दाखल्यांवरून. 'पुअर इकॉनॉमिक्स'चं (२०११) लोक एवढंच सांगतात की उदयपूरकडे लसीला किलोभर डाळ दिली आणि काम झालं. आकडे तीन होते: काही न करता पूर्ण लसीकरण ६ टक्के, ठरल्या दिवशी शिबिर भरवलं तर १८, वर डाळ आणि शेवटी ताटं दिली तर ३९. म्हणजे नुसतं नियमित शिबिरच तिपटीचं, आणि डाळ देऊनही ६१ टक्के बाहेर. पुस्तकात हे नीट दिलंय. चूक वाचणाऱ्याची. मधला आकडा गाळला की 'फुकट द्या' एवढंच उरतं.

गिरणाकाठ
हिशोबवहीचं ओलाव्याचं गणित मान्य, 'लूट' मागे घेतो. पुस्तकांबद्दलचं मत तेच.

हिशोबवही
मग तुमच्या गणितातही एक दुरुस्ती घ्या. ३४ चा उतारा (क्विंटलमागे निघणारी रुई) फरदडीला, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर तसंच राखलेल्या पिकाच्या कापसाला, धरू नका. ३२ वर आला तर दोन किलो रुईच्या जागी दोन किलो सरकी: किलोमागे १५४ वजा ३५, म्हणजे क्विंटलला साधारण २४० रुपये कमी. जानेवारीनंतर 'भाव पाडला' म्हणून जो ओरडा होतो, त्यातला किती इथला आहे ते आधी वेगळं काढा.