मुलांच्या निवासी संगोपनाचे मूल्यमापन : 'निष्पत्ती', 'परिणाम' आणि 'परिणामकारकता'

प्रश्न : मुलांच्या निवासी संगोपन कार्यक्रमांच्या (म्हणजे मुलांना घराऐवजी संस्थेत ठेवून सांभाळणाऱ्या कार्यक्रमांच्या) एका मूल्यमापन अहवालात 'आउटपुट', 'आउटकम' आणि 'इम्पॅक्ट' या तिन्हींसाठी 'परिणाम' हा एकच शब्द योजलेला आहे. हे चालेल का?

उत्तर १ : चालू नये. समुपदेशनाची सत्रे किती झाली, किती मुलांची नावे शाळेत घातली, हे संस्थेने केलेले काम, म्हणजे 'आउटपुट', आहे. त्याला सरळ 'झालेले काम' म्हणावे, कारण 'उत्पादन' हा शब्द मुलांच्या संदर्भात कानाला खटकतो. मूल नियमित शाळेत जाऊ लागले, त्याला शांत झोप लागू लागली, ही त्याची नंतरची स्थिती, म्हणजे 'आउटकम', झाली. तिच्यासाठी 'अध्ययन निष्पत्ती'मुळे परिचित झालेला 'निष्पत्ती' हा शब्द योग्य वाटतो. 'परिणाम' मात्र 'इम्पॅक्ट'साठी राखून ठेवावा, कारण तो उच्चारताच 'कशाचा?' असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर पडते.

उत्तर २ : सहमत. 'परिणामकारकता' या शब्दात तर 'कारक' उघडच बसलेला आहे, तरीही अहवालांत तो फार सैल हाताने वापरला जातो. मुले बहुधा परिस्थिती अगदी हाताबाहेर गेल्यावर निवासी संगोपनात येतात आणि अशा टोकाच्या अवस्थेतून काही सुधारणा काळाच्या ओघातही होते. म्हणून केवळ 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करून कार्यक्रमाला श्रेय देता येत नाही, त्यासाठी तुलनेचा दुसरा गट लागतो. रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील १३६ लहान बालकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने विभागणी करून काहींना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले. कुटुंबांत गेलेल्यांचा, विशेषतः लवकर गेलेल्यांचा, बौद्धिक विकास अधिक चांगला झाल्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे 'परिणाम' हा शब्द शोभतो. अर्थात, तो अभ्यास अगदी लहान वयाच्या बालकांचा होता, त्यामुळे किशोरवयीनांना ठेवून उपचार करणाऱ्या लहान निवासी गृहांना त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे हा उतावीळपणा ठरेल.

उत्तर ३ : 'यशस्वी' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. समजा, ४० मुले दाखल झाली, १२ मध्येच बाहेर पडली आणि उरलेल्या २८ पैकी २१ मुलांची आक्रमकता कमी झाली. अहवालात '७५ टक्के यशस्वी' असे छापले जाते. दाखल झालेल्या सर्वांचा हिशेब केला तर हे प्रमाण ५२.५ टक्के भरते, आणि मध्येच गेलेली मुले कदाचित सर्वाधिक अडचणीतली असतात. त्यामुळे टक्केवारीपूर्वी 'दाखल झालेल्यांपैकी' की 'कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी' हे लिहिलेच पाहिजे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'फॉलो-अप'साठी 'पाठपुरावा' योग्य होईल का?

उत्तर १ : मुलाला सोबत आणि मदत चालू असेल तर होईल. केवळ माहिती गोळा केली असेल तर 'पाठपुरावा' म्हटल्याने न केलेल्या मदतीचे श्रेय घेतल्यासारखे होते. तेथे 'बाहेर पडल्यानंतरची पाहणी' असे लिहून ती किती महिन्यांनी केली आणि किती मुलांचा ठावठिकाणा लागला नाही, हे त्याच वाक्यात नोंदवावे.